ओरडणारा फिल्टर

गेल्या दिवाळीत सून घरात शिरली ती पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन. मी नेहमीसारखी दारात उभी होते, एका हातात गुळाची वाटी, दुसऱ्या हातात तांब्या-भांडं. बाहेरून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी, मग बाकीच्या गप्पा, ही आमच्या घरची रीत. आमची माणसं दक्षिणेतून ग्वाल्हेरला आली त्याला कित्येक पिढ्या झाल्या. मराठीत निम्मी हिंदी शिरली, पण हे गूळ-पाणी टिकलं. सुनेनं गूळ तोंडात टाकला, गोड हसली, आणि खोक्यातली बाटली उघडून आधी नातीला दिली, मग स्वतः प्यायली. माझं भांडं भरलेलंच राहिलं. मी ते तुळशीला घातलं.

का, ते मला ठाऊक होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात सात वर्षांची नात इथे आजारी पडली होती. उलट्या, जुलाब, सलाइन, सगळं झालं. पंधरा दिवस राहायला आलेली माणसं पोरीला बरं वाटताच नोएडाला परत गेली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. दिवाळीला मात्र दोनच दिवस राहिली, तीही सोबत आणलेलं पाणी मोजून पीत. ती गेल्यावर ओट्यावर दोन बाटल्या उरल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मला एकटीलाच रडू आलं. पुढच्या उन्हाळ्यात ही मंडळी येतील की नाही, याचीच मला धास्ती बसली.

मग ठरवलं, फिल्टरचं मशीन घ्यायचं. फोनवर मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, सरळ आरओ घे ना. तू टेन्शन मत ले, मीच ऑर्डर करतो. दोन दिवसात घर पे आ जाएगा."

"पाणी माझ्या घरचं आहे, मीच बघीन," मी म्हटलं. तीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलंय. तपासल्याशिवाय औषध घेणाऱ्यांतली मी नव्हे. शिवाय तो नोएडाला बसून एक बटण दाबणार आणि इथे खोकं येऊन पडणार, याचा मला रागही आला होता. तेवढ्यासाठी तरी स्वतः यावं, असं वाटत होतं.

नया बाज़ारातल्या एका दुकानदाराशी फोनवर बोलले. तो म्हणाला, घरात जितक्या ठिकाणचं पाणी आहे तितके नमुने आणा. मी तीन बाटल्या भरल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: नळ, टाकी, पिण्याचं. पिशवीत घालून, ऑटोत मांडीवर घेऊन गेले. ऑटोवाल्यानं विचारलं, "गंगाजल है क्या, अम्मा?" मी म्हटलं, "घर का पानी है, टेस्ट कराने जा रही हूँ." तो हसला. मला कोणाशी तरी बोलायला मिळालं म्हणून मीही हसले.

दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याच्या बायकोनं मला चहा दिला. त्यानं छोटं मीटर तिन्ही बाटल्यांत बुडवून पाहिलं आणि म्हणाला, "खारा तो बिल्कुल नहीं है. बोरिंग का होता तो आरओ लगता. इसमें आरओ लगाएँगी तो आधा पानी नाली में जाएगा." मग त्यानं बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. नळ आणि टाकी बाजूला ठेवल्या. तिसरी मात्र त्यानं नाकाशी नेली, पुन्हा उजेडात धरली, आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

"ये किसका पानी है?"

"पीने का. फिल्टर का."

"इसमें तो काई तैर रही है, बहनजी. अंदर की कैंडल कब साफ़ की थी?"

काई, म्हणजे शेवाळ, माझ्या पिण्याच्या पाण्यात. चहा अर्धा टाकून मी घरी आले.

आमचा फिल्टर स्टीलचा, वर एक डबा, खाली एक. वरच्या डब्यात दोन पांढऱ्या कँडल, त्यांतून पाणी थेंबथेंब खाली गळतं. वरून पाणी ओतणं माझं काम, आणि दर रविवारी कँडल काढून, ब्रशनं घासून, उकळत्या पाण्यातून काढणं यांचं. हे म्हणजे माझे यजमान. ते रागीट होते, त्यातून टापटिपीचे. एखाद्या रविवारी मी पाणी तापवायला उशीर केला, तर "पोटात चिखल घालणार आहेस का सगळ्यांच्या?" म्हणून अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असे ओरडायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत मी रोज सकाळी वरून पाणी ओतत होते. झाकण जेमतेम तांब्याएवढं उघडायचं, ओतायचं, बंद करायचं. कँडल घासायच्या असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते काम माझं कधी नव्हतंच.

घरी येऊन मी वरचा डबा खाली उतरवला. कँडल हिरव्या पडल्या होत्या, हाताला बुळबुळीत लागत होत्या, आणि एकीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. मुलींना सूक्ष्मजीव शिकवणारी बाई मी. तिथेच जमिनीवर बसले. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी सुनेला फोन केला. म्हटलं, "पोरीला माझ्यामुळे त्रास झाला गं. पाणी चांगलं होतं, फिल्टर घाण होता. मी बघितलाच नाही."

ती हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, आई. तेव्हाच झाकण उघडून बघितलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा करायचे ना ते काम. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ती चांगली मुलगी आहे, इंदूरच्या सरळ घरातली, आणि तिनं माझं मन जपलं. फोन ठेवल्यावर मात्र मला हिशेब लागला, की उन्हाळ्यापासून आत्तापर्यंत तेच पाणी मी पीत होते, आणि तिला ते माहीत होतं. राग नाही आला. फार एकटं वाटलं. या घरात चाळीस वर्षं कोणी ना कोणी माझ्यावर ओरडत होतं. आता सगळे माझ्याशी दवाखान्यातल्यासारखं हळू बोलतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले. दुकानदारानं दोन मशीनं काढून ठेवली होती. एक स्वस्त, साधं. दुसऱ्याबद्दल म्हणाला, "इसकी कैंडल का टाइम आएगा तो पंद्रह दिन पहले से लाल बत्ती जलेगी, और ये खुद चिल्लाएगा. चुप कराओगी तो अगले दिन फिर चिल्लाएगा."

"हेच द्या," मी मराठीतच बोलून गेले.

उन्हाळ्यात मंडळी आली. खोकं नव्हतं. दारात गूळ दिला, पाणी दिलं, नातीनं दोन भांडी घटाघट संपवली. सून म्हणाली, "छान आहे, आई." मुलगा म्हणाला, "बढ़िया." सगळं छानच होतं. मी कणीक मळताना हातून पीठ सांडलं, तरी सून म्हणाली, "असू दे, आई, मी पुसते."

खरं म्हणजे ती येण्याच्या चार दिवस आधीपासून मशीन ओरडायला लागलं होतं. नवी कँडल आणून कपाटात ठेवलेली होती. बसवायला दहा मिनिटं लागतात, दुकानदारानं शिकवलं होतं. मुदत संपायला अजून दहा-अकरा दिवस होते; मी बसवली नव्हती. रोज सकाळी ते किंचाळायचं, मी "हो हो, ऐकलं" म्हणायचे आणि बटण दाबायचे. घरात तेवढाच एक आवाज होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा किंचाळलं. सून लगबगीनं बटण दाबायला धावली. तिच्या आधी नात पोचली, लाल दिवा बघितला, आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"आजी! ये चिल्ला रहा है और तू बैठी है! कँडल बदलली नाहीस ना? इतनी बड़ी हो गई, तुला समजत नाही?"

"अगं, आजीशी असं बोलतात का?" सून ओरडली.

"बोलू दे तिला," मी म्हटलं. मी कपाटातून नवी कँडल काढून नातीच्या हातात दिली, आणि तिनं आणखी रागवावं म्हणून विचारलं, "मला येत नाही गं. कशी बदलायची असते?"