गेणभाऊंच्या घरात मेपल

आळे गावच्या गेणभाऊ सुतारांना जगात एकच लाकूड मान्य होतं, बाभळीचं. सागवान म्हणजे पैसेवाल्यांची मिजास. प्लायवूडचं नाव काढलं की म्हातारा थुंकायचाच.

घरातल्या प्रत्येक पोरीला लग्नात त्यांच्या हातचं बाभळीचं पोळपाट-लाटणं मिळायचं. थोरली नात परदेशी निघाली, विमानतळावर बॅग जड झाली आणि तिनं काय काढून ठेवलं? तेच! "लोणचं नेलं, आन् आज्याला ठेवलं मागं," हे गेणभाऊ आजही येईल त्याला ऐकवत.

आता धाकटी नात प्रतिभा कॅनडाला निघालेली. नवरामुलगा ऋषी तिकडून येताना मेपलची फळीच घेऊन आला. पोळपाट-लाटणं याचंच करा म्हणे!

"आबा, फार टणक लाकूड. घरातली जमीन, खाटकाचा ठोकळा, व्हायोलिन, सगळं याचं करतात. याचं पान आमच्या झेंड्यावर आहे."

"तुमच्या? चार वर्सं न्हाई झाली जाऊन, झेंडाबी तुमचा झाला व्हय?"

"झाडाला भोक पाडून रस काढतात, तो आटवून गोड पाक होतो."

"झाड हाय का दुभती म्हस? आन् रंग बघा, कावीळ झाल्यावानी!"

चारचौघांत फळीची फजिती करायची म्हणून त्यांनी कडेला खिळा ठोकला. खिळा वाकला. दुसराही वाकला. खिळे करणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारत म्हातारा आत गेला.

चार दिवस शिव्या देत रंधा मारला, पण काम काही वाईट करवेना. पोळपाट असा गुळगुळीत झाला की पीठ चिकटेना.

निघायच्या दिवशी बॅग पुन्हा जड. प्रतिभानं मेपलचं पोळपाट-लाटणं बाहेर काढलं. गेणभाऊ ताडकन उठले. हीसुद्धा तसलीच निघाली!

"ठेव आत!" ते ओरडले. "काय कळतंय तुला लाकडातलं? ते वास धरत न्हाई, तडकत न्हाई, लई गुणाचं हाय!"

"आबा, मेपल तिथं कुठंही मिळेल."

ती स्वयंपाकघरात गेली. तिथलं झिजून काळं पडलेलं बाभळीचं लाटणं गेणभाऊंनी आपल्या लग्नाच्या वर्षी बायकोसाठी, गोजरबाईंसाठी घडवलेलं. प्रतिभानं आजीकडं पाहिलं, आजीनं मान हलवली, आणि ते साड्यांच्या घडीत गेलं. गेणभाऊ तोंड फिरवून उंबऱ्यावर बसले.

संध्याकाळी गोजरबाईंनी मेपलवर पोळ्या लाटल्या.

"अगदीच बेचव," गेणभाऊ डोळे पुशीत म्हणाले, आणि तिसरी पोळी मागितली.