अप्पांचा कान

अप्पांच्या मुलाचा, बसवराजचा फोन आला तेव्हा मी नायगावच्या बाजारात वांगी निवडत होतो. "काका, अप्पा गेले... पहाटे झोपेतच." वांगी तशीच टाकली आणि निलंग्याची वाट धरली. एसटीत रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू. उदगीर जवळ आलं आणि याच रस्त्यावर मी अप्पांची गाडी कशी बंद पाडली होती ते आठवलं. शेजारचा माणूस माझ्याकडे बघून जरा सरकून बसला.

मी निलंग्याच्या शाळेत नवा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा विश्वनाथअप्पांच्या घरी भाड्यानं राहिलो. त्यांचं कापडाचं दुकान होतं. 'भाव कमी करा' असं कुणी म्हटलं, की अप्पांना हमखास ऐकू यायचं नाही. दोनदा म्हटलं तरी "काय?" म्हणून विचारायचे. गिऱ्हाइकं याला अप्पांचा बेरकीपणा म्हणत, आणि मीही त्यावरून त्यांना भरपूर चिडवलं. अप्पांचा खरा जीव मात्र अंगणातल्या शंभर सीसीच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर. दर रविवारी सकाळी अंगणात जुनी लुंगी पसरून ते गाडी उघडून बसायचे आणि मी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बाजेवर, स्वयंपाकघराकडे पाठ करून. प्लग काढून आधी मला दाखवायचे. "बघा गुरुजी, काळा पडला म्हंजे गाडी लई खाऊन राहिली. पांढरा पडला म्हंजे उपाशी. चहाच्या रंगाचा पाहिजे." मग सायलेन्सरमधली काजळी खरवडायची, गाडी चालू करायची, आणि शेवटी कार्बोरेटरचा स्क्रू. हा कार्यक्रम बघायला गल्लीतली माणसं थांबायची. अप्पा पेचकस लावून मान किंचित वाकडी करत, नजर माझ्या खांद्यावरून पल्याड कुठंतरी. स्क्रू केसभर आत, केसभर बाहेर... इंजिन खोकायचं, धापा टाकायचं, आणि मग एकदम एका लयीत बोलायला लागायचं. त्याच क्षणी अप्पा पेचकस उचलत. स्टँडजवळचा मेकॅनिकसुद्धा म्हणायचा, "अप्पासारखा कान जिल्ह्यात कुणाला न्हाई." अप्पा यावर गालात हसत आणि हात पुसत.

याच गाडीवर मी उदगीरकडे मुलगी बघायला गेलो. अप्पांनी निघताना तीनदा बजावलं होतं, पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचं विसरू नका. पण लग्नाळू माणसाच्या डोक्यात तेव्हा ऑइल कुठलं राहतं? कोरडं पेट्रोल भरलं आणि सुसाट निघालो. गाव दोन कोसांवर असताना पिस्टन जाम झाला. मी उसाच्या ट्रॅक्टरवर, मागं ट्रॉलीत गाडी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, तोंडावर धुरळा, अशा थाटात नवरदेवाचं आगमन झालं. मुलगी पोहे घेऊन आली ती हसतच. परत येऊन अप्पांसमोर चोरासारखा उभा राहिलो, तर म्हणाले, "पिस्टन नवा भेटतो गुरुजी. सोयरीक जमली का ते सांगा." जमली होती. आमची ही अजून मला घरातून निघताना विचारते, "ऑइल टाकलं का?" आता माझ्याकडे स्कूटर आहे, तरी विचारते.

निवृत्त होऊन मी नायगावला परतलो, तरी महिन्यातून एखादा रविवार निलंग्याला ठरलेलाच. आता अप्पा जाऊन तीन आठवडे झाले होते आणि वहिनींचा, म्हणजे अप्पांच्या बायकोचा, फोन आला. आवाज बारीक होता. "भावजी, बसू गाडी देऊन टाकतो म्हणतोय. लातूरचा माणूस उद्या येणार हाय. तुम्ही या." गेलो. बसवराज पोरगा वाईट नाही, पण हिशेबी. म्हणाला, "काका, अप्पा गेल्यापासून बंद पडून हाय. नीट चालली तर ठेवू. बंद गाडीवरची धूळ कोण पुसत बसणार?" वहिनी पदर खोचून भाकऱ्या थापायला आत गेल्या. इतकी वर्षं मी नुसता चहा पीत ते सगळं बघितलं होतं, स्वतः एकदाही पेचकस धरला नव्हता. मला भीती वाटली, खरंच वाटली.

लुंगी पसरली. प्लग घासला. ऑइल दोनदा बघितलं. पंधरा-वीस किका मारल्यावर गाडी चालू झाली, पण नुसती खोकत होती. मी स्क्रू आत घेतला, बाहेर घेतला, मान वाकडी करून बघितली. काही उमगेना. बसवराज बाजेवर माझ्याच जुन्या जागेवर बसून मोबाइल बघत होता. हताश होऊन मी मान वर केली... आणि आयुष्यात पहिल्यांदा अप्पांच्या जागेवरून समोर बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. पिठाचा हात त्या सावकाश डावीकडे हलवत होत्या. मी स्क्रू डावीकडे फिरवला. त्यांनी बोटानं दाखवलं, अजून थोडं. मग थोडं उलटं. इंजिन लयीत आलं तसा पंजा सरळ वर झाला. मी पेचकस उचलला.

बसवराज ताडकन उठला. "काका! अप्पांचा कान तुमच्याकडं आला की!" वहिनी तोवर आत वळल्या होत्या. लातूरच्या माणसाला त्यानं तिथूनच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

जेवताना मी वहिनींना हळूच विचारलं, कधीपासून? "तीस वर्सं झाली असतील. बारीक आवाज येईनासा झाला त्यान्ला. मला म्हणले, कुणाला सांगू नको, गुरुजीला तर मुळीच नको. लई चिडवतो." माझा घास तोंडातच राहिला. 'भाव कमी करा'वरून मी त्यांना किती छळलं होतं... आणि तो माणूस माझ्यासमोर बसून, माझ्या खांद्यावरून आपल्या बायकोकडे बघत होता! मी हसलो आणि रडलोही, दोन्ही एकाच ताटावर.

हे लिहू का, असं परवा वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "लिहा. आता त्यान्ला कोण चिडवणार हाय?" काल रविवार होता. मी अप्पांच्या जागी बसलो, गाडी चालू केली, स्क्रू फिरवला. दारात पिठाचा हात वर झाला. इंजिन लयीत आलं, मी पेचकस खाली ठेवला, तरी तो हात बराच वेळ वरच होता.