गोकुळा बोलेनाशी झाली

आठवडी बाजारात गोकुळा मासे विकायला बसली की आमच्या दवाखान्यापर्यंत कळायचं. काय तो गळा! नवरा खुशाल तळ्यात जाळं टाकायचा, ती विकायची. तो मुखदुर्बळ, ही तोंडाळ. जोडी झकास जमली होती. मी रिना, गोंडपिपरीला सुरेंद्र डॉक्टरांकडे सुया द्यायला असते. नवरा-बायकोची रडगाणी ऐकून माझे कान किटलेत. पण हिचं अजून डोक्यातून जात नाही.

यंदा दोघं मिरची तोडायला तेलंगणात गेली आणि परतली ती गोकुळा मुकीच. बाजारात पाटीपुढे नुसती बसून असायची. शेवटी खुशालच तिला घेऊन आला. म्हणे मिरचीच्या ठसक्यानं हिचा घसा गेला, औषध द्या. डॉक्टरांनी घसा तपासला. ठणठणीत. त्या घरातली सगळी दुखणीखुपणी त्यांनीच पाहिलेली, त्यांना लगेच शंका आली. त्यांनी खुशालला बाहेर बाकावर बसवलं आणि गोकुळाला विचारलं, घरात काय बिनसलंय.

तेव्हा कुठे ती बोलली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नव्हतं. मिरचीला गेल्यावर कळलं, दिवस राहिलेत. मग एका दुपारी शेतातच पोटात कळा आल्या आणि सगळं संपलं. खुशालनं तिला उचलून झोपडीत आणलं, पाणी पाजलं, तिची लुगडी धुतली. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण सोबत गेलेल्यांकडून गावात दिवसांचं कळलं होतं, आणि कुणी विचारलं की तो सांगायचा, काही नव्हतंच.

डॉक्टरांनी तिला विचारूनच खुशालला आत बोलावलं. तो खाली बघत पुटपुटला, "लोकाईनं इलेच नावं ठेवली असती जी. म्हणून म्हनलं, काही नव्हतं."

खरं सांगते, मला त्याचं पटलं. आमच्याकडच्या बायांची तोंडं मला ठाऊक आहेत. वांझोटी म्हणायला मेल्या टपलेल्याच असतात.

गोकुळा त्याच्याकडे वळली. "लोकाईले म्हनला त म्हनला. झोपडीत मी रडून राह्यली होती, तवा मले बी तेच म्हनला. मले काऊन म्हनला?"

डॉक्टर म्हणाले, बोल बाबा काहीतरी. गोकुळानं पदर सारखा केला, चिमूरकडे माहेरी जाते म्हणाली आणि समोरच्या स्टँडवर निघून गेली. डॉक्टरांनी त्याला मागे जायला सांगितलं, तर हा पुन्हा बाकावर जाऊन बसला. मी खेकसायला गेले, तर त्याच्या डोळ्यांना धार लागलेली.

"ताई, मी बी रडतो जी. तळ्यावर जाऊन रोज रडतो."

माझंही काळीज फाटलं आणि रागानं डोकंही फिरलं. "मुडद्या, हे मले काय सांगून राह्यला? तिले सांग ना!"

तो धावला. मी दारात येऊन पाहिलं. गाडी स्टँडातून हळूहळू वळत होती, गोकुळा खिडकीशी होती. हाक मारली असती तर ड्रायव्हरनं थांबवली असती. खुशाल गाडीच्या मागे हात वर करून रस्त्यात उभा राहिला. हाक काही मारली नाही.