सुरम्याचा खडा

बायको माझ्याआधी गेली. सवाष्ण म्हणून तिला सजवताना तिच्या बहिणीने डोळ्यांत घालायला सुरमा काढला. मी मेहुणीचा हात धरला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं बायका म्हणाल्या. म्हणू देत. कारण सांगतो.

म्हसा गावच्या जत्रेत लोक बैल बघायचे, ही सुरम्याचा खडा बघायची. दिसायला चांदी. लिंबाएवढा असला तरी हाताला जड. फोडला तर चौकोनी तुकडे पडतात, आरशासारखे चकाकतात. सहाणेवर घासला की मात्र काळा. ती काळी पूड लग्नापासून हिच्या डोळ्यांत. शोभायचीही, खोटं कशाला बोलू.

थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आली, मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी ही सहाण घेऊन बसली. बाळाला बघायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या, "आजी, बाळाच्या डोळ्यांत हे नको. यात शिसं असतं, अंगात जातं. मेंदूला वाईट."

त्या गेल्यावर ही पेटली. "आयनं आमाला सगळ्यांना घातला. कोण आंधळा झाला? शिसं असतंय मळकट, हा चांदीवानी."

"वजन बघ गो त्याचं."

"वजन तुमचं पण हाय."

मी चौथी नापास, पण शिसं ओळखतो. मासे धरायच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या मीच ओतून लावायचो. बोलून ही ऐकणार नाय, हेही ठाऊक होतं. अंगणात निखारे केले. खड्याचा एक तुकडा कुटला, कोळशाच्या भुग्यात घालून लोखंडी पळीत ठेवला, फुंकणी लावली. तुकडे तडतडले. फटाक्यासारखा घाण वास सुटला, लेकीने दार लावून घेतलं. शेवटी राखेखाली एक थेंब लोळायला लागला. गार करून हिच्या हातावर ठेवला.

तिने नख दाबलं. खूण उमटली.

"हेच तुमच्या जाळ्याला?"

"हेच."

"आन् इतकी वर्सं माझ्या डोळ्यांत?"

"हो."

ती उठली, सहाण धुतली, मग तोंड धुतलं. उरलेला खडा माझ्या पुढ्यात टाकला.

बारशाला विहीणबाईंनी नाक मुरडलं. "पोरीचे डोळे कोरेच?"

"कोरेच," ही म्हणाली. "आमच्यात शिसं जाळ्याला लावतात, पोरीला नाय."

जेवणं उरकल्यावर विहीणबाई हळूच हिच्याजवळ आल्या. त्यांचेही डोळे काळे होते. "माझा सुरमा पण तसलाच असंल का हो?"

हिने पाण्याचा तांब्या भरला आणि त्यांना मोरीकडे नेलं.