संगप्पा आणि तोडलेली पिन

संगप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेतून घरी निघालो होतो. त्याच्या मेव्हण्याचा आवाज होता. "सर, दाजी गेले... छातीत कळ आली अन् संपलं." दोनच दिवसांपूर्वी तो आमच्या ओसरीवर बसून छाती चोळत सोडा पीत होता. मी विचारलं तर म्हणाला, "पित्त हाय. गोळी घेतलोय." दवाखान्यात दाखव म्हटलं, तर हसला. "सीझन संपू दे की." मीही पुढं काही बोललो नाही. तेच आता सलत राहतं. कारण जाणकाराला कधी बोलवायचं, हे मला त्यानंच शिकवलं होतं, आणि तेही ओरडून.

आम्ही निर्णा गावच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढं मी मास्तर झालो आणि तो हुमनाबादला फ्रिज, कूलर, एसी दुरुस्त करू लागला. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, गिऱ्हाइकाशी दखनी. त्याची एक सवय होती. गिऱ्हाइकाला स्वतःला जमेल असं काम असेल, तर तो जायचाच नाही. "कूलरचं गवत बदला, टाकी धुवा, प्लग काढून करा. त्याला मी कशाला पायजे?" असं सांगून फोन ठेवायचा. म्हणून तो येतो म्हणाला, की लोक घाबरायचे.

दोन वर्षांमागच्या मे महिन्यात आमच्या लोखंडी कूलरचा पंप बंद पडला. भर दुपार, आई तापानं फणफणलेली. लग्नसराईत संगप्पाला कशाला त्रास, म्हणून मीच मोबाईलवर व्हिडिओ बघून नवा पंप बसवला. वायर जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली. प्लगची तिसरी पिन बोर्डात बसेना, ती पकडीनं तोडून टाकली. कूलर चालू झाला, थंड हवाही आली. मोठ्या अभिमानानं संगप्पाला फोन लावला आणि बोलता बोलता सांगितलं, "फक्त पत्र्याला हात लागला की जरा झिणझिण्या येतात."

 पलीकडे त्याचा आवाजच बदलला. "मावशी कुठं हायत?"

मी वळून पाहिलं. आई अंथरुणातून कधी उठली कळलंच नव्हतं. ओल्या फरशीवर अनवाणी, हातात पाण्याची बादली. टाकी भरायला ती कूलरचं झाकण उघडणार होती.

"मेन पाड, माधव. कूलरला हात लावू नको, आधी मेन पाड."

मी "आई, थांब" म्हणून ओरडलो आणि मीटरकडे धावलो. ती दहा-बारा पावलं... खटका खाली ओढला, पंखा घरघरत थांबला. आईचा हात झाकणापासून वीतभर दूर होता.

संगप्पा चिटगुप्प्याला कामावर होता, तिथून भर उन्हात गाडी हाणत आला. पाणीसुद्धा प्यायला नाही. कूलर उघडला, तर मी जोडलेली वायर टाकीच्या पाण्यात लोंबत होती. त्यानं प्लग माझ्यापुढं धरला. "ही पिन कामून तोडलास?"

"बसत नव्हती."

"अर्थिंग हाय ती. मावशीचा जीव होता त्या पिनेत." मग त्यानं वायर नव्यानं जोडली, प्लग बदलला, मोटरमागची पट्टीही उघडून पाहिली. निघताना एवढंच बोलला, "झिणझिण्या आल्या, जळका वास आला, मेन सारखं पडायलंय, तर तिथं तुझं काम संपलं. मला बोलवायला लाजू नको."

छातीतली कळ त्यातलीच नव्हती का? त्याला तसा दरडावणारा कुणी भेटला नाही. मी समोर होतो, आणि त्याला सोड्याचा दुसरा ग्लास भरून दिला.

गेल्या आठवड्यात कूलरची मोटर नुसतीच हुं हुं करू लागली. मी प्लग काढला आणि बसस्टँडजवळच्या नव्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मोटरमागची पट्टी काढली, जराशी पुसली आणि मला हाक मारली. "सर, हे तुमच्यासाठी लिवलंय का?"

पट्टीच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करनं, संगप्पाच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं : 'माधव, इथवर आलास? आता थांब. मला फोन लाव.'

"साफ करू का?" मिस्त्रीनं विचारलं.

"नको," म्हणालो. "तशीच बसवा."