तिच्या नावाची दोन अक्षरं

मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी माझ्याकडून आजारी माणसाच्या देखभालीच्या एका तक्त्याचा फोटो मागवून घेतला. धाकटी आता नर्सिंग शिकते आहे. तिनं तो वर्गात दाखवला आणि तिच्या शिक्षिकेनं म्हणे विचारलं, हे घरच्या घरी कोणी केलं? "आजी, तू किती व्यवस्थित आहेस गं!" असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर एकदमच म्हणालात. मी हसले आणि गुडघे दुखताहेत असं सांगून कॉल बंद केला. गुडघे दुखत नव्हते. त्या तक्त्याची खरी हकीकत तुम्हाला सांगायला हवी, म्हणून हे लिहिते आहे.

अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजात मी किती वर्षं शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. रुग्णाची माहिती घ्या, काय करायचं ते ठरवा, ते करा, आणि त्याचा उपयोग झाला की नाही ते पुन्हा रुग्णाकडे जाऊन पाहा. हे चार टप्पे मी मुलींकडून इतक्या वेळा घोकून घेतले, की निवृत्तीनंतर भाजी निवडतानाही ते डोक्यात असत.

दोन वर्षांपूर्वी माझी थोरली जाऊ न्हाणीत घसरून पडली. अकोल्याच्या जुन्या शहरात तिचं घर. मी तिला मोठ्याबाई म्हणते. पाठीचा मणका दबला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलं. त्यात साखरेचा आजार आणि अंगावर मांस नाही. अशा माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही तर हाडावरची कातडी सडते आणि जखम होते. मी पुतण्याला फोनवर सांगितलं, "मी येते. तू काळजी करू नकोस." त्याच आठवड्यात बॅग घेऊन गेले.

दिवसभराच्या कामाला गल्लीतल्या डॉक्टरांनी एक बाई पाठवली. चाळिशीची, माळ्याच्या घरची. नवरा बाजारात फुलं विकायचा, ही आजारी माणसांचं करायची. डॉक्टर सांगतील त्या घरी जायची आणि त्यांच्या शब्दावरच तिला काम मिळायचं. रात्री पुतण्या आईजवळ झोपत असे आणि गजर लावून तिची कूस बदलून देत असे.

पहिल्याच दिवशी मी पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. दिवसभरातली दर दोन तासांची चौकट: डावी कूस, पाठ, उजवी कूस. शेवटी काम करणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं. सगळं इंग्रजीत, कारण मला तसंच येतं. बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "खुणा मी करत जाईन. तुम्ही फक्त सांगा."

तिसऱ्या दिवशी बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, मोठीमाय डाव्या कुशीवर राह्यत नाई. तिकडं वळलं का देवाले पाठ होते."

खोलीत उजव्या हाताला भिंतीत देवघर होतं. डाव्या कुशीवर निजलं की पाठ देवाकडे येणार, हे खरंच होतं.

"मग काय करायचं म्हणता?"

"खाट फिरवून देऊ. डोकशाकडं देव आला का दोनी कुशी मोकळ्या."

मी खोलीकडे पाहिलं. औषधांचं टेबल, पाण्याचा जग, बेडपॅन, खिडकीचा उजेड, सगळं माझ्या हिशेबानं लावलेलं. खाट फिरली तर सगळंच हलवावं लागलं असतं. मी म्हटलं, "आजारी माणसाला देव माफ करतो. तक्त्यात आहे तसं करा."

"तुमी म्हनान तसं," बाई म्हणाल्या.

मोठ्याबाईंना मी विचारलंच नाही. मी त्यांना डावीकडे वळवायची, पाठीशी उशी द्यायची, चौकटीत खूण करायची आणि स्वयंपाकघरात जायची. परत येईपर्यंत त्या पुन्हा उजवीकडे असत. मला वाटे, दोन तास झाले असतील, बाईंनी वळवलं असेल.

शनिवार-रविवार मी अमरावतीला घरी यायची. सोमवारी सकाळी परत गेले की तक्त्यात दोन दिवसांच्या चौकटी कोऱ्या दिसत. कोरी चौकट मला बघवत नाही. मी बाईंना विचारायची, "झालं ना सगळं वेळेवर?" त्या "झालं, मॅडम," म्हणाल्या, की मी निळ्या पेननं सगळ्या चौकटी भरून टाकायची आणि शेवटी त्यांच्या नावाची दोन अक्षरं लिहायची, माझ्या वळणदार अक्षरात. कॉलेजात असं करताना एक मुलगी सापडली होती. तिला मी महिनाभर वॉर्डात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

तिसऱ्या सोमवारी डॉक्टर तपासायला आले, तेव्हा मोठ्याबाईंच्या उजव्या खुब्यावर रुपयाएवढी जखम निघाली. वास येत होता. अंगात ताप होता.

डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला. "शनिवार, रविवार सगळ्या खुणा आहेत. मग ही जखम कशी झाली?"

पुतण्या बाईंकडे वळला. "न करताच लिहून टाकलं तुमी? सही करून देल्ली?"

"दादा, म्या पेन हातातच नाई घेतला."

"मग हे कोनी लिहिलं? हे तुमचंच नाव हाये ना?"

बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. तो त्यांना वाचता येत नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी खाली वाकले आणि चादरीची घडी गादीखाली खोचू लागले. ती आधीच खोचलेली होती.

डॉक्टर म्हणाले, "यापुढे तुम्हाला कोणाकडे पाठवायचं नाही मी." बाईंनी डबा उचलला, मोठ्याबाईंच्या पायांना हात लावला आणि गेल्या.

पुढे सगळं मी एकटीनं केलं. दोन दिवसांनी मोठ्याबाईंना डावीकडे वळवलं आणि या वेळी दाराआड उभी राहिले. माझी पाठ फिरताच त्यांनी खाटेची दांडी धरली आणि कण्हत कण्हत पुन्हा उजवीकडे सरकल्या.

मी आत गेले. "मोठ्याबाई, हे काय?"

"देवाले पाठ करून निजू का मी?"

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू इचारलं कधी? तू यायची, उलथून टाकायची अन् लिहून घ्यायची. ते पोरगी शानी होती. तू अमरावतीले गेली का खाट फिरवे. दोन दिवस मले बरं वाटे. सांजच्याले पोरगा यायच्या आंदी पुन्हा होती तशी लावून ठेवे, का मास्तरीनबाईले समजलं तं रागावन."

म्हणजे त्या दोन दिवसांतलं काम खरंच झालं होतं. आठवड्याच्या इतर दिवसांत, माझ्या डोळ्यांसमोर, होत नव्हतं. जखम माझ्या दिवसांतली होती.

मी त्याच दुपारी शेजारच्या दोघांना बोलावून खाट फिरवली. टेबल हलवायला पाच मिनिटं लागली. जखम हळूहळू सुकायला लागली. पुतण्या येईल त्याला सांगत होता, "काकू होत्या म्हणून आई वाचली." मी ते ऐकून घेत होते. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी मी ड्रेसिंग करत असताना मोठ्याबाई म्हणाल्या, "मी पाह्यलं होतं. सोमवारी तूच लिहून राहिली होती."

मी कापसाचा बोळा खाली ठेवला.

"मंग त्या दिवशी काऊन बोलली नाई? मी तापात होती, पन मले वाटलं, तू बोलशील. तू शिकेल हायेस."

संध्याकाळी पुतण्या आल्यावर त्याला सगळं सांगितलं. जेवताना त्यानं मला वाढलं आणि स्वतः उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले. बाई नवऱ्याशेजारी बसून शेवंतीचे हार ओवत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, की ती अक्षरं मी लिहिली होती, जखमही माझ्यामुळे झाली, माझं चुकलं, आणि मोठ्याबाई तुमची आठवण काढतात.

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "मले तं माहीतच होतं, मॅडम. मले सांगून काय फायदा? ज्यायले माहीत नाई त्यायले सांगा."

"डॉक्टरांना फोन करते मी आज."

"फोन नाई." त्या उठल्या, मांडीवरच्या पाकळ्या झटकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "गल्ला पाहा, येतो मी." माझं मनगट धरून त्या चालू लागल्या. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. मी म्हटलं, "अहो, हळू चला." त्या म्हणाल्या, "येळ लावला तं गर्दी कमी होईन."

दवाखान्याच्या बाकांवर दहा-बारा माणसं बसली होती. त्यांतल्या दोघांनी आपापल्या घरचं बाईंचं ठरलेलं काम रद्द केलं होतं, हे मला नंतर कळलं. बाईंनी सरळ आतलं दार ढकललं आणि ते उघडंच धरून उभ्या राहिल्या. डॉक्टर एका म्हाताऱ्याचं ब्लडप्रेशर मोजत होते.

"मॅडमले सांगाचं हाये," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. तीस-तीस मुलींसमोर तास घेतलेले, तरी आवाज दारापर्यंतही जात नव्हता. तक्ता भरला मी, नाव यांचं लिहिलं मी, आणि यांनी काम नीट केलं होतं. डॉक्टरांनी कानातली नळी काढली.

बाईंनी मागे वळून बाकांकडे पाहिलं.

"जोऱ्यानं बोला, मॅडम," त्या म्हणाल्या. "मांगच्याईले आयकू नाई गेलं."

मी बाकांकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.