माझ्या पसंतीचा बंब

कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या घरातला गॅसचा बंब थंडीच्या तोंडावर फुटला आणि माझ्या नणंदेला हवं ते कारण मिळालं. मला सातवा महिना लागला होता.

खरं तर तो पाणी तापवायचा हिटर; पण आम्हा रत्नागिरीच्या माणसांच्या तोंडी बंबच. आधीच्या भाडेकरूने तो मागे ठेवला होता. माझा नवरा मीना अल-अहमदीच्या तेल कारखान्यात फिटर. त्यांनी त्याला इतक्या वेळा जोड लावले होते की मूळ पत्रा कुठला आणि डाग कुठला ते कळत नसे. त्या सकाळी टाकीचं बूड गेलं, पाणी थेट बर्नरवर आलं आणि मोरीभर वाफ झाली.

नणंद खालच्या मजल्यावर राहायची. तिला आम्ही आपा म्हणायचो. माझ्या नवऱ्याला तिनेच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे तिच्यापुढे हे मान वर करत नसत. वाफ विरायच्या आत आपा वर आली.

"बाळंतिनीला कढत पानी नाय, तर हय चाळीस दिस कशी काढशील? आगबोटीत बस नि माहेरी जा."

"नवा बंब आनू," मी म्हटलं.

"बंब आनून माहेर होतंय काय?"

मी आपाशी का भांडले ते सांगायला हवं. थोरली मुलगी माझ्या माहेरी झाली. रीतच तशी. हे तेव्हा इकडे कुवेतला एकटे. मी तिला घेऊन आले तेव्हा ती चालत होती, बोलत होती. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो आणि तिने यांच्यासमोरच मला विचारलं, "हा पावना कधी जानार?" हे हसले. मग हात धुवायला म्हणून उठले ते गच्चीवर गेले आणि ताट तसंच राहिलं. पावण्याला जेवायला बोलवायला मी गेले नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. पण तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं, दुसऱ्या वेळी असं होऊ द्यायचं नाही. आता माहेरी गेले असते तर पुन्हा तेच. परत यायला व्हिसाचे कागद कधी होणार, कोण सांगणार होतं? या खोल्यांत तोवर यांचे चार मित्र बिछाने टाकून बसले असते.

"मी जानार नाय," मी आपाला म्हटलं. "बाळंतपन सरकारी हॉस्पिटलात व्हईल नि चाळीस दिस मी माझ्या घरात काढीन."

आपाने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "आदी पानी तापवून दाव," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. भाऊ फुटक्या बंबाचं बूड निरखत बसले. बहीण आणि बायको यांच्यामध्ये सापडलेला पुरुष जगात कुठेही असाच दिसत असावा. त्यांनी आगबोटीची चौकशी करून ठेवली होती, हे मला दोन दिवसांनी शेजारणीकडून कळलं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. मी बरोबर घरची बादली घेतली. हे म्हणाले, "बादली कशाला? लोक काय म्हनतील?" म्हटलं, लोक येणार आहेत का मला न्हाऊ घालायला?

यांच्या मनात एक हिटर आधीच बसला होता. त्यांच्या साहेबाने सांगितलं होतं म्हणे: टाकी नको, साठवण नको, नळ सोडला की गरम पाणी. त्या साहेबाच्या घरी पाणी काढायला नोकर. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

दुकानदार इराणी, मुंबईत काही वर्षं काढलेला, हिंदी बोलणारा. त्याने तोच हिटर दाखवला. भिंतीला चिकटलेला, पांढराशुभ्र, सडपातळ. पोटाला एक छोटी खिडकी आणि आत निळी ज्योत. दुकानाच्या मागच्या बाजूला नळाला जोडून ठेवला होता. त्याने नळ सोडला, ज्योत भडकली आणि माझ्या बादलीत वाफाळतं पाणी पडू लागलं. हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू तो हिटर यांनीच जन्माला घातला.

मी ती धार बघत होते. मनगटाएवढी धार! आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी डोक्याला लागून. आमच्या नळाला करंगळीएवढी धार आली तरी मी अल्लाचे आभार मानायची. मी पुढे झाले आणि नळ पिळत पिळत धार तेवढीच केली, आमच्या घरातल्याएवढी. मोठी ज्योत भप्पकन विझली. कोपऱ्यातली बारीक वात तेवढी जळत राहिली आणि बादलीत गार पाणी पडू लागलं.

"बहनजी, इसको जोर मंगता है," दुकानदार म्हणाला. "पानी में जोर नहीं तो ये नहीं चलेगा."

"ऐकलंत?" मी यांना म्हटलं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

कोपऱ्यात एक दुसरा उभा होता. जाडा, राखाडी, पोटात टाकी असलेला. खाली बर्नर, वरून धुराचा पाइप. धार कितीही बारीक असो, टाकी आपली सावकाश भरणार आणि भरली की बादल्यावर बादल्या कढत पाणी देणार. हे म्हणाले, जागा खाईल, गॅस खाईल, दिसतो कसा बघ. मी म्हटलं, मीपण सध्या अशीच दिसते. दुकानदार तोंड फिरवून हसला. मी रिकाम्या खोक्यावर बसले आणि सांगितलं की हा घेतल्याशिवाय इथून उठणार नाही. माझी अवस्था बघता मला उचलून नेण्याची कुणाची छाती नव्हती.

जाडा बंब घरी आला. धुराच्या पाइपासाठी यांनी मोरीच्या भिंतीला भोक पाडलं आणि घरमालकाला मागाहून सांगितलं. आपा एकदा वर आली, बंबाभोवती फिरली, नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला.

मुलगी झाली. हॉस्पिटलातून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपा हातात फडक्याचं गाठोडं घेऊन आली. आत निर्गुडीचा वाळवलेला पाला! आमच्याकडे बाळंतिणीच्या पाण्यात तो उकळतात. कुवेतमध्ये निर्गुडी उगवत नाही. म्हणजे तिने गावाहून येणाऱ्या कुणाकडून तरी तो मागवला होता, आणि तोही मी हॉस्पिटलात जायच्या कितीतरी आधी.

तिने मला न्हाऊ घातलं. मग पाटावर पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं आणि एकेक तांब्या ओतू लागली.

"माझी तिनी पोरा तय माहेरी झाली," ती बाळाकडे बघतच म्हणाली. "अजून बापाशी पावन्याशी बोलल्यागत बोलतात."

तिने दाराकडे तोंड करून भावाला हाक मारली. आमच्यात या वेळी पुरुषमाणूस मोरीच्या आसपासही फिरकत नाही. "ये रे आत. टॉवेल घे. पुसायला बाप कशाला हाय?"

हे आत आले. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांवर पसरून धरला. आपाने पोर त्यांच्या हातात दिली.

"घट्ट धरा," मी म्हटलं. "ही खयं जानार नाय, नि मीपन नाय."